डबा घासायच्या आधी उघडून पाहा : छोट्या धंद्यात गिऱ्हाइकाचं खरं मत कसं काढायचं

"कसा आहे डबा?" विचारलं की पोट्टे एकच उत्तर देतात, "एकदम मस्त काकू." त्या मस्तवर मी दीड वर्ष खूश राहिली. मग एका उन्हाळ्यात चाळीस डब्यांचे सव्वीस झाले, आणि गंमत पाहा, गेलेल्या चौदातल्या एकानेही कधी तक्रार केली नव्हती. कोणी म्हणे गावी चाललो, कोणी म्हणे रूम बदलली, आणि त्यातलाच एक पंधरा दिवसांनी मला प्रतापनगर चौकात दुसरीकडचा डबा हातात घेऊन दिसला. तो लाजला, मी पण लाजली.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात घरूनच डबे देते मी. कोचिंगचे पोट्टे, आयटी पार्कमधले नोकरीवाले, थोडे मिहानकडचे, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागातले. त्या उन्हाळ्यानंतर धडपडत जे शिकली ते इथे लिहून राहिली, नवीन धंदा सुरू केलेल्यांसाठी. डबाच पाहिजे असं नाही, ब्लाउज शिवत असाल, कूलर दुरुस्त करत असाल, मॅचिंग सेंटर असेल, थोडंफार बदलून सगळीकडे चालते. माझी उदाहरणं डब्याचीच येतील, दुसरं मला येत नाही.

पहिलं काम : विचारण्याआधी आपलं आपण ठरवा

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा, मला आत्ता कोणता निर्णय घ्यायचा आहे. रात्रीचा डबा चालू ठेवायचा का बंद करायचा, पोळ्या चार द्यायच्या का पाच, रविवारी सुट्टी घेतली तर चालेल का, असं काहीतरी. ज्याचं उत्तर काहीही आलं तरी तुम्ही काही बदलणार नाही तो प्रश्न विचारूच नका. मी एकदा हौसेने विचारलं की डबा कसा वाटतो, स्टीलचा आवडतो का, आणि बहुतेकांनी सांगितलं की जड आहे, हलका द्या. आता साठ स्टीलचे डबे घेऊन ठेवले होते बाप्पा, ते काय इतवारीत जाऊन परत देणार होती का? काहीच केलं नाही. लोकांना वाटलं काकू नुसतं विचारते, आणि पुढच्या वेळी निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही.

दुसरं काम : न विचारता काय कळते ते आधी पाहा

डब्याच्या धंद्यात एक मोठी सोय आहे, डबा परत येतो. माणूस तोंडावर मस्त म्हणते पण उरलेली भाजी काही लाजत नाही. मी प्रत्येक डब्यावर पेंटने नंबर टाकला आणि संध्याकाळी घासायला टाकायच्या आधी प्रत्येक डबा उघडून वहीत लिहायला लागली: तारीख, आजची भाजी, डबा नंबर, काय उरलं. चार रकाने, बस. दहा मिनिटं जातात. घरचे पहिल्या आठवड्यात हसले, म्हणे उष्ट्याचा हिशोब ठेवून राहिली.

पण पंधरा दिवसांत जे दिसलं ते दीड वर्षाच्या मस्तमधून दिसलं नव्हतं. दुधी उरतो हे मला माहीतच होतं, त्यात काय नवल. नवल भेंडीचं होतं. घरी भेंडी सगळ्यांना आवडते, डब्यात मात्र निम्मी परत. चव तीच होती, फक्त डब्यात झाकण लावल्यावर वाफ धरून ती चिकट होत होती, म्हणजे भाजी बदलायची गरज नव्हती, परातीत पसरून गार करून मग भरायची होती. दुसरं म्हणजे मुलींच्या एका होस्टेलचे आठ डबे जात होते, त्यातल्या पाच-सहा डब्यांत रोज पाचवी पोळी जशीच्या तशी. मी ती पोळी प्रेमाने जास्तीची देत होती. ती बंद केली, भात थोडा वाढवला, कोणी हूं की चूं केलं नाही.

एक सांगून ठेवते, काही लोक डबा घासून परत देतात. चांगल्या घरचे असतात, पण आपल्या वहीत त्यांचं काहीच येत नाही. एक पोट्टा तर भाजी कुत्र्याला घालून रिकामा डबा पाठवत होता, ते मला नंतर त्याच्या रूममेटकडून कळलं. म्हणून रिकामा डबा दिसला की "संपवलं" असं लिहायचं नाही, "रिकामा" लिहायचं.

तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचा परत येणारा डबा कोणता ते शोधा. शिवणकाम असेल तर फिटिंगसाठी परत आलेले ब्लाउज मोजा आणि नेमकं काय उसवावं लागलं ते लिहा, बाही, गळा का मुंढा. कूलरवाल्याने पाहावं की त्याच घरून किती दिवसांत परत फोन आला. दुकान असेल तर गल्ल्याजवळ एक "नाही" वही ठेवा, गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याला "नाही आहे" म्हणावं लागलं ते सगळं त्यात, रंग, साइज, कंपनी सकट. सदरमध्ये माझ्या बहिणीचं मॅचिंगचं छोटं दुकान आहे, तिने महिनाभर अशी वही ठेवली आणि मग गांधीबागेत माल घ्यायला गेली ती अंदाजाने नाही, वही घेऊन गेली.

तिसरं काम : आता विचारा, पण कसं

इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या, म्हणून इथे जरा बसते.

पहिली चूक, अठरा प्रश्नांचा गूगल फॉर्म. भाचीने बनवून दिला, दिसायला फारच सुंदर. चाळीस जणांना पाठवला, सात उत्तरं आली, त्यातलं एक भाचीचंच. आता मी तीनच प्रश्न विचारते, व्हॉट्सअॅपवर, आणि खाली लिहिते की टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट टाका. व्हॉइस नोटमध्ये माणूस खरं बोलते, कारण बोलता बोलता तोंडातून निघून जाते.

दुसरी चूक, "जेवण आवडते का?" असं विचारणं. याला हाव, म्हणजे हो, याशिवाय दुसरं उत्तरच नाही, तोंडावर नाही कोण म्हणेल? त्याऐवजी शेवटच्या एका डब्याबद्दल विचारा. "काल दुपारच्या डब्यातलं काय उरलं?" किंवा "या आठवड्यात कोणत्या दिवशी डबा सोडून बाहेर खाल्लं?" दुसरा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. एकाने सांगितलं, शनिवारी सकाळी बाहेरच तर्री पोहे खातो मग दुपारी भूकच नसते. म्हणजे माझ्या स्वयंपाकात काही खोट नव्हती, शनिवारी त्याला हाफ डबा पाहिजे होता.

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. "डबा वेळेवर आणि गरम येतो का?" याचं उत्तर नाही आलं तर काय समजायचं, उशिरा येतो का गार येतो? आणि उत्तर तोंडात कोंबू नका, "आमच्या पोळ्या मऊ असतात ना?" विचारलं की ना म्हणायला माणूस फार जिगरीचा लागते.

भाषेची गोष्ट ऐकाच. मी लिहिलं होतं, भाजीत सांबार जास्त होते का? आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, लहानपणापासून दुसरा शब्दच तोंडात नाही. पुण्याहून आलेल्या एका पोट्टीचं उत्तर आलं, "काकू मला तर एकदाही सांबार मिळालं नाही, फक्त वरणच येतं." मी आधी चिडली, मग पोट धरून हसली. पण विचार करा, तिला दोन महिने वाटून राहिलं असेल की बाकीच्यांना इडलीवालं सांबार जाते आणि आपल्यालाच मिळत नाही. तेव्हापासून प्रश्न पाठवायच्या आधी एका बाहेरगावच्या आणि एका इथल्या माणसाला वाचायला देते आणि विचारते, तुला काय समजलं?

वेळ पण पाहून विचारा. महिन्याचे पैसे मागायच्या मेसेजमध्येच फीडबॅक मागितला तर दोन्ही अडकतात. मी बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास विचारते, जेवण झालेलं असते आणि चव तोंडात असते. विचारणारा कोण हे पण पाहा. मी विचारलं की काकू मस्त, आणि तेच माझ्या मुलीच्या मैत्रिणीने विचारलं तर पंधरा मिनिटं पुराण. जिने भाजी केली तिलाच नावं ठेवायला आपल्या लोकांना जमत नाही.

आणि ते शून्य ते दहा आकडेवालं. "तुम्ही आमचं नाव मित्राला सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा" हे तुम्ही बँकेच्या, मोबाइलच्या मेसेजमध्ये पाहिलं असेल. ही पद्धत अमेरिकेतले व्यवसाय सल्लागार फ्रेड राइकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडली, ९-१० देणारे आपले, ० ते ६ देणारे नाराज, ७-८ वाले मधले म्हणून सोडून द्यायचे, आणि आपल्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. हजारो गिऱ्हाइकं असलेल्यांना ठीक आहे. आपल्याकडे चाळीस डबे, एकाचा मूड गेला आणि त्याने ९ च्या जागी ६ दिले की आकडा सरळ ५ ने खाली. त्या आकड्याच्या मागे लागून झोप घालवू नका. ६ का दिले ते त्याला विचारा, ते जास्त कामाचं.

गेलेल्यांना फोन करा

हे कोणालाच आवडत नाही. मलाही नाही. पण जो सोडून गेला त्याला आता तुमची भीड नसते. महिनाभराने फोन करायचा, आणि पहिलंच वाक्य हे, "परत डबा लाव म्हणायला फोन नाही केला." मग विचारायचं, बंद करायच्या आधीच्या आठवड्यात काय झालं होतं? "काहून सोडलं?" असं थेट विचारलं तर पुन्हा रूम बदलली हेच ऐकायला मिळते. मी त्या चौदापैकी नऊ जणांना फोन लावले, सहा बोलले, आणि सहापैकी चार जणांनी तीच एक गोष्ट सांगितली. वरण.

वरणाची गोष्ट, म्हणजे कारण शोधायचं कसं

एप्रिलपासून तिघं-चौघं म्हणून राहिले होते की वरण आंबट लागते. ते तक्रार म्हणून नाही, असंच बोलता बोलता. मी काय केलं, टोमॅटो कमी केला. पुढच्या महिन्यात परत आंबट. मग टोमॅटो बंदच केला, तरी आंबट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे टोमॅटोचं आंबट नाही, वरण उतरून, म्हणजे खराब होऊन राहिलं आहे.

टोयोटाच्या कारखान्यात एक सवय होती, तिथले इंजिनिअर ताइची ओहनो सांगायचे की बिघाड दिसला की पाच वेळा का विचारा. मला हे नंतर कळलं पण मी नकळत तेच केलं. वरण का उतरते? कारण भरल्यापासून खाईपर्यंत जवळपास चार तास जातात. चार तास का? कारण डबा दहाला भरतो आणि कोचिंगची बॅच पावणेदोनला सुटते. दहाला का भरतो? कारण डिलिव्हरीवाला सव्वादहाला निघते. तो इतक्या लवकर का निघते? कारण एकच माणूस खामल्यापासून सुरू करून वर्धा रोडने मिहानपर्यंत जाते आणि त्याला ऊन चढायच्या आधी परत यायचं असते, आणि मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीत त्याचं काय चुकलं? म्हणजे भानगड माझ्या कढईत नव्हतीच, रूटमध्ये होती.

शिजवलेलं अन्न गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, नाहीतर थंड, ५ अंशांच्या खाली, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. आणि आमच्या उन्हाळ्यात बंद डबा गाडीच्या डिक्कीत ठेवला की तो बरोबर त्या मधल्या तापमानात तासन् तास बसून राहते. मग मी कोचिंगचे डबे वेगळे काढले, साडेबाराला भरायचे, आणि शेजारच्या एका मुलाला सायकलवरून तेवढेच जवळचे द्यायला ठेवलं. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत फक्त. वरणाची एकही तक्रार नंतर आली नाही आणि टोमॅटो परत सुरू झाला.

सरासरी काढू नका

तिखटाचं सांगते. मी विचारलं होतं, तिखट १ ते ५ मध्ये किती पाहिजे, आणि सरासरी आली बरोबर तीन. मी म्हटलं चला, आपलं जमून राहिलं. नंतर उत्तरं एकेक करून पाहिली तर तीन जवळपास कोणीच दिलं नव्हतं, निम्म्यांना १-२ पाहिजे आणि निम्म्यांना ५, सावजी खाणारे पोट्टे ते. मधला तिखटपणा म्हणजे दोघंही नाराज. आता भाजी सौम्य करते आणि ज्याला पाहिजे त्याच्या डब्यात मिरचीच्या ठेच्याची पुडी. यादी फ्रिजवर चिकटवली आहे. ठेच्याला खर्च नाहीच म्हणा, पण त्या पुडीने जेवढी माणसं टिकली तेवढी दिवाळीच्या फराळानेही टिकली नाहीत.

वहीतली उत्तरं महिन्यातून एकदा घेऊन बसा आणि सारखी सारखी एकत्र करा, पुढे रेघा मारा. किती लोकांनी म्हटलं तेवढंच पाहू नका, कोणी म्हटलं ते पण पाहा. तीन वर्षं डबा घेणारा आणि कालच ट्रायल डबा घेतलेला, दोघांचं वजन सारखं नाही. सगळ्यात मोठा आवाज करणारा एक असतोच, त्याला रोज पनीर पाहिजे आणि रेट वाढवायचा नाही. त्याला गोड बोलायचं आणि वहीत एकच रेघ.

डिलिव्हरीवाल्याला विसरू नका

दारात जे बोललं जाते ते त्यालाच ऐकू येते. पण तो सांगत नव्हता, कारण पहिल्यांदा त्याने तक्रार आणली तेव्हा मी त्याच्यावरच ओरडली होती, तूच उशीर केला असशील म्हणून. माझी चूक. आता नियम असा की तक्रार आणली म्हणून पगार कापायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही, आणि परत आला की आधी पाणी, मग दोन मिनिटं, "आज कोण काय म्हटलं?" आणि त्याच्यासमोरच वहीत लिहायचं. लिहिताना पाहिलं की त्यालाही वाटते आपलं काही ऐकून राहिले.

गूगलवरचे रिव्ह्यू

धंद्याचं गूगल प्रोफाइल फुकटात होते, तिथून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो बिलावर किंवा डब्याच्या पिशवीवर लावता येते. दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. पाच स्टार द्या आणि एक डबा फ्री घ्या, हे गूगलच्या नियमात बसत नाही. आणि खूश असलेल्यांनाच लिंक पाठवायची, नाराजांना टाळायचं, हेही चालत नाही. मागायचं तर सगळ्यांना मागा. नातेवाइकांचे दहा रिव्ह्यू एका दिवसात टाकायची आयडिया मलाही आली होती, खोटं का बोलू, पण वाचणाऱ्याला ते कळते. सगळे पाच स्टार आणि सगळ्यांचं आडनाव एकच.

वाईट रिव्ह्यू आला तर त्याच दिवशी उत्तर लिहू नका, लिहून ठेवा आणि सकाळी वाचून मग टाका. उत्तर तक्रारवाल्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या नव्या गिऱ्हाइकासाठी असते. "दादा, मंगळवारी डबा उशिरा पोचला हे बरोबर आहे, त्या दिवशी गाडी पंक्चर झाली होती, तुमचा तो दिवस खाड्यात धरला आहे" एवढं पुरते. काय झालं, काय केलं. त्याचा पत्ता, नंबर, तो पैसे थकवतो हे तिथे काढायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

बदल केला की सांगा

हे मी सगळ्यात उशिरा शिकली. भेंडी सुधारली, वरण सुधारलं, आणि कोणाला सांगितलंच नाही. आता महिन्याच्या एक तारखेला मेसेज जातो, "मागच्या महिन्यात सात जणांनी सांगितलं की गुरुवारची उसळ कच्ची राहते. आता मटकी आदल्या सकाळीच भिजवून राहिलो. रविवारचा रात्रीचा डबा सुरू करा असं चौघांनी म्हटलं, ते सध्या जमणार नाही, माझीही सुट्टी असते." नाही म्हणायचं तर ते पण सांगायचं. ज्याने आधी सांगितलं होतं त्याला वेगळा मेसेज, "तू म्हटलं होतं म्हणून केलं."

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. मी तीन महिने समजून राहिली होती की लोक वाचूनही उत्तर देत नाहीत. म्हणून डबा लावतानाच नंबर सेव्ह करून घ्या, समोर. आणि ग्रुप करू नका, एकाचा नंबर चाळीस जणांना कशाला, त्यात होस्टेलच्या मुली असतात. डब्यासाठी घेतलेला नंबर डब्यासाठीच वापरायचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाची संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाबद्दल बोलतो, पण कायदा नसता तरी आपल्या मुलीचा नंबर असा फिरलेला आपल्याला चालला असता का? कोणाच्या कौतुकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट स्टेटसला लावायचा तर आधी विचारा आणि नाव-नंबर झाका.

किती वेळा विचारायचं? वही रोज. तीन प्रश्न तीन महिन्यांतून एकदा. नवीन डबा लागला की पाचव्या दिवशी एक फोन, पहिल्या दिवशी नाही, कारण पहिल्या दिवशी सगळंच गोड लागते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि परीक्षेच्या दिवसांत अजिबात नाही, निम्मे गावी गेलेले असतात आणि उरलेल्यांना डब्यात दगड दिला तरी कळत नाही. आणि यंदा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी मी एक जास्तीचा प्रश्न टाकणार आहे, "दुपारच्या डब्यात भाताऐवजी दहीभात चालेल का?" पण त्याआधी आठ डबे दहीभाताचे पाठवून ते किती वाजता उघडतात ते पाहणार आहे. दही तर वरणापेक्षा लवकर आंबते.